कर्ली खाडीची ओळख : शांत पाणी कोण राखतं?

सख्यांनो, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पण खाडीतलं पाणी त्यामानाने शांत असतं. असं का? सिंधुदुर्गातली कर्ली खाडी पाहून समजून घेऊ.

जागा : कर्ली नदी सह्याद्रीकडून कुडाळ तालुक्यातून येते आणि समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला मालवण तालुक्यातलं देवबाग, दक्षिणेला वेंगुर्ला तालुक्यातलं भोगवे. तारकर्ली-देवबाग ही वाळूची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. ही पट्टी म्हणजे खाडीचं कुंपणच. लाटांचा मार ती झेलते. इथली वाळू बेसुमार उपसली, तर कुंपण कमजोर होतं.

भरती-ओहोटी : दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. वेळ काढायची सोपी रीत अशी : तिथीची पाऊणपट करा. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तिसऱ्या काढायला जाताना हा हिशेब करा आणि पाणी चढायच्या आत काठावर या.

कांदळवन : खाडीकाठची तिवरं मुळांनी गाळ धरून ठेवतात. त्या मुळांत मासे, कोळंबी आणि खेकड्यांची पिल्लं वाढतात. तिथे भराव टाकला की पुढे जाळ्यात येणारी मासळी कमी होते. तिसऱ्याही बारीक असतील तर परत पाण्यात सोडा. त्या वाढल्या तरच पुढच्या हंगामात मिळतील.

विहीर : वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. पंप फार वेळ चालवला की खालचं खारं पाणी वर चढतं. पर्यटकांसाठी खोल्या चालवणाऱ्या मैत्रिणींनी हे नीट ध्यानात ठेवावं. पाहुणे चार दिवसांनी जातात, विहीर मात्र आपल्यालाच वापरायची असते.

बैठकीत करा : जमिनीवर रांगोळीने आपल्या गावाचा नकाशा काढा. खाडी किंवा नदी, बांध, तिवरं, विहिरी, कचरा टाकायच्या जागा दाखवा. वयस्कर बायांना विचारा, पूर्वी पाणी कुठवर यायचं? कुठली विहीर खारी झाली? जे निघेल ते इतिवृत्तात लिहा आणि ग्रामसभेत मांडा. नकाशा हातात असला की आपलं म्हणणं ठामपणे सांगता येतं.