ग्रीक तत्त्वचिंतनातील न्याय आणि आदर्श समाज

ज्याला जे देय आहे ते त्याला देणे म्हणजे न्याय, ही व्याख्या सर्वांनाच सहज पटण्यासारखी आहे. परंतु कोणाला काय देय आहे, हे ठरवावयाचे कोणी? इ. स. पूर्व चौथ्या शतकात अथेन्स या ग्रीक नगरराज्यातील विचारवंतांनी या प्रश्नाचा सखोल ऊहापोह केला.

या चिंतनाला कटू अनुभवांची पार्श्वभूमी होती. इ. स. पूर्व ४०४ मध्ये स्पार्टाकडून पराभव झाल्यावर अथेन्समध्ये तीस जणांची जुलमी राजवट आली. प्लेटोचे काही आप्तही तीत होते. पुढे लोकसत्ता पुन्हा प्रस्थापित झाली. परंतु तिच्याच न्यायसभेने इ. स. पूर्व ३९९ मध्ये प्लेटोचे गुरू सॉक्रेटिस यांना मृत्युदंड दिला. मूठभरांची सत्ता आणि बहुसंख्यांची सत्ता, दोहोंकडूनही अन्याय होऊ शकतो, हे तरुण प्लेटोने प्रत्यक्ष पाहिले.

बलिष्ठांचे हित म्हणजे न्याय?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादग्रंथात थ्रॅसिमॅकस हा वक्ता ठामपणे म्हणतो की, न्याय म्हणजे बलिष्ठांचे हित. ज्यांच्या हाती सत्ता असते ते आपल्या सोयीचे कायदे करतात आणि त्यांनाच न्याय म्हणतात. त्यावर सॉक्रेटिस वैद्याचा दाखला देतो. वैद्यकाचे प्रयोजन रोग्याचे हित हे होय, वैद्याचे नव्हे. त्याचप्रमाणे राज्यकलेचे प्रयोजन शासितांचे हित हेच असले पाहिजे.

या सूत्रावर प्लेटोने आपला आदर्श समाज उभारला. राज्यकर्ते, रक्षक आणि उत्पादक असे त्याचे तीन वर्ग असून, प्रत्येकाने आपले विहित कार्य करावे व दुसऱ्याच्या कार्यात ढवळाढवळ करू नये, हाच तेथील न्याय. राज्यकर्त्यांवर कडक बंधने होती. त्यांना खाजगी मालमत्ता नाही, स्वतंत्र कुटुंब नाही, सोन्यारुप्याला स्पर्शही नाही. या वरिष्ठ वर्गांत स्त्रियांनाही पुरुषांप्रमाणेच शिक्षण व अधिकार द्यावेत, असे प्लेटोने सांगितले. कनिष्ठ वर्गात जन्मलेले गुणी मूल वरच्या वर्गात घ्यावे, आणि राज्यकर्त्याचे मूल गुणहीन निघाल्यास त्याला खाली पाठवावे, असाही त्याचा दंडक होता.

व्यक्तीकडून कायद्याकडे

परंतु ज्ञानी राज्यकर्ता सदैव लाभेलच याची शाश्वती काय? उतारवयात लिहिलेल्या ‘लॉज’ या ग्रंथात प्लेटोने कायद्यालाच सर्वश्रेष्ठ स्थान दिले आणि अधिकाऱ्यांना कायद्याचे सेवक म्हटले. क्रीट बेटावरील या कल्पित नगरात ५,०४० कुटुंबे असावीत; कोणालाही ठराविक मर्यादेपलीकडे संपत्ती बाळगता येऊ नये; अधिकाऱ्यांच्या कारभाराची तपासणी व्हावी, अशा तरतुदी त्यात आहेत. कायद्याला प्रस्तावना जोडून त्याचा हेतू लोकांना पटवून द्यावा, केवळ शिक्षेचा धाक दाखवू नये, हा विचारही त्याच ग्रंथातील होय.

ॲरिस्टॉटलचे विवेचन

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४-३२२) याने न्यायाचे दोन प्रकार वेगळे केले. मान, पदे व संपत्ती यांची पात्रतेच्या प्रमाणात वाटणी करणे हा पहिला. आणि व्यवहारात एकाकडून दुसऱ्याची हानी झाल्यास ती भरून देणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात व्यक्तीची प्रतिष्ठा पाहावयाची नसते. थोराने सामान्याला लुबाडले काय किंवा सामान्याने थोराला लुबाडले काय, भरपाई सारखीच.

कायदा सामान्य स्वरूपाचा असतो, प्रसंग मात्र विशिष्ट असतो, हेही त्याने ओळखले. लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची लवचिक मोजपट्टी वापरीत. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे. कायदा जेथे अपुरा पडेल तेथे कायदा करणाऱ्याचा मूळ हेतू ध्यानी घेऊन निर्णय द्यावा, असे या दाखल्याने त्याने सुचविले. तसेच, अनेकांनी मिळून केलेली मेजवानी एकट्याने दिलेल्या मेजवानीपेक्षा सरस ठरू शकते, त्याप्रमाणे अनेकांचा एकत्रित विचार एका शहाण्याहून श्रेष्ठ ठरू शकतो, असे त्याने म्हटले.

मर्यादा

तथापि, ‘अनेक’ म्हणजे सर्व नव्हेत. अथेन्समध्ये स्त्रिया, गुलाम व परदेशी रहिवासी यांना राजकीय अधिकार नव्हते. ॲरिस्टॉटलने तर काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे प्रतिपादन केले. प्लेटोच्या वर्गरचनेतील मूलभूत उणिवेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) या ग्रंथात नेमके बोट ठेवले. चातुर्वर्ण्याची चिकित्सा करताना त्यांनी दाखवून दिले की, प्रत्येक व्यक्ती अनन्य असते याची जाणीव प्लेटोला नव्हती आणि माणसांना मोजक्या वर्गांच्या कप्प्यांत बसविता येत नाही.

सत्ता शासितांच्या हितासाठी असते, सत्ताधारीही कायद्याखाली असतो आणि कायदा राबविताना त्याचा हेतू विसरावयाचा नसतो, हा ग्रीक चिंतनाचा वारसा मौलिक आहे. मात्र देय ठरविणाऱ्यांच्या सभेत ज्यांना स्थानच नाही, त्यांच्या वाट्याला न्याय येत नाही, हा धडा त्याच्या उणिवांतून मिळतो. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेने सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्यायाचे अभिवचन सर्व नागरिकांना दिले आहे. त्यातील ‘सर्व’ हा शब्द प्राचीन अथेन्सला उच्चारता आला नव्हता. ग्रामसभेपासून मंत्रालयापर्यंत त्या शब्दाची प्रचीती आणून देणे, हेच लोकशाही कारभाराचे खरे कार्य होय.