बाबांच्या गोळ्यांची पिशवी आधी डॉक्टरांपुढे

अगं, घरात प्रोस्टेटच्या कॅन्सरचं नाव निघालं की सल्ल्यांना ऊत येतो. काका म्हणतात व्हिटॅमिन सी सुरू करा, आत्या म्हणते सेलेनियम, आणि शेजारचे सांगतात की सी आणि के एकत्र दिलं की कॅन्सरच्या पेशी मरतात. तू दिवसभर दवाखाना, डबे आणि रिपोर्टांची फाइल सांभाळतेस आणि रात्री या गोळ्यांच्या किमती बघत बसतेस. ये, बस जरा. यात खरं किती, ते नीट सांगते.

खरं सांगू का, शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रन शहरात जेम्स जेमिसन, जॅक समर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. बेल्जियमचे हेन्रिक टेपर त्यांच्याबरोबर होते. शंभर भाग सी आणि एक भाग के-3, म्हणजे व्हिटॅमिन केचं एक रूप, हे त्यांचं मिश्रण. माणसाच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर ते टाकलं, तेव्हा एकट्या सीपेक्षा किंवा एकट्या के-3पेक्षा ही जोडी कितीतरी कमी डोसमध्येच मारक ठरली.

ते घडतं कसं बघ. के-3 हे सीकडून इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्सिजनला देऊन टाकतं आणि पुन्हा सीकडे येतं. या देवघेवीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखमेवर ओतल्यावर फसफसतं ना, तेच. तो फेस येतो आपल्या शरीरातल्या कॅटलेस नावाच्या एन्झाइममुळे, कारण ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींत हे कॅटलेस कमी असतं, म्हणून त्यांना हा मारा सोसत नाही. त्यांचा डीएनए तुटतो, आतला ऐवज तुकड्या-तुकड्यानं गळून जातो आणि शेवटी आकसलेलं केंद्रक तेवढं उरतं. अशा मरणाला या संशोधकांनी ऑटोशिझिस हे नाव दिलं. माणसाची गाठ लावलेल्या उंदरांनाही ही जोडी दिल्यावर ते जास्त दिवस जगले.

आता माणसांचं ऐक. 2008 मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत नेहमीचे उपचार निकामी ठरलेल्या 17 पुरुषांना 12 आठवडे रोज 5,000 मिलिग्रॅम सी आणि 50 मिलिग्रॅम के-3 दिलं. त्यातल्या 13 जणांत पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढण्याचा वेग मंदावला. बरं वाटलं ना ऐकून? मलाही वाटलं. पण माणसं मोजकी, आणि गोळी न घेणारा दुसरा गट तुलनेला नव्हताच. वेग मंदावणं म्हणजे आजार बरा होणंही नव्हे. एवढ्यावर बाबांचे उपचार बदलायचे नाहीत.

कारण बघ, मोठ्या चाचणीत आशा उलटल्याचं उदाहरण आपल्यापुढे आहे. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना व्हिटॅमिन ई दिलं, तर त्यांच्यात प्रोस्टेटचा कॅन्सर कमी दिसला. म्हणून अमेरिकेत 2001 साली ‘सिलेक्ट’ नावाची चाचणी सुरू झाली. 35,000 हून जास्त निरोगी पुरुषांपैकी कुणाला ई, कुणाला सेलेनियम, कुणाला दोन्ही आणि कुणाला नुसतीच बिनऔषधी गोळी. फायदा दिसेना, म्हणून 2008 मध्ये गोळ्या बंद केल्या. आणि 2011 मध्ये निष्कर्ष आला की रोज 400 युनिट ई एकटं घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्के जास्त निघाला. व्हिटॅमिन म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत इथेच सोडून दे.

आणखी एक गं. मेथी-पालकातलं ते के-1. के-3 हे कारखान्यात बनवलेलं रूप आहे. पूर्वी नवजात बाळांना ते देत, पण रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ लागली, म्हणून ते मागे पडलं. तेव्हा पालकाच्या भाजीनं हा प्रयोग घरी होत नाही, आणि के-3 आणून तर मुळीच करायचा नाही.

आता तू काय करायचंस ते सांगते. घरातल्या सगळ्या गोळ्या, पावडरी, काढे एका पिशवीत भर आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. लाजू नकोस. बाबा रक्त पातळ करायला वॉर्फरिन घेत असतील, तर के असलेली कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नको. पालेभाजी चालते, पण रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेव. मुतखड्याचा त्रास असेल, तर सीचे मोठे डोस नकोत. कुणी सीचं सलाईन सुचवलं, तर आधी जी-सिक्स-पीडीची तपासणी झाली आहे का ते विचार, कारण त्या एन्झाइमची कमतरता असेल तर रक्तपेशी फुटू शकतात. केसांसाठी म्हणून बायोटिनची गोळी चालू असेल, तर पीएसएच्या तपासणीआधी तेही सांग. काही यंत्रांवर आकडा खोटाच कमी दिसू शकतो.

आणि उलट चूकही करू नकोस हं. हार्मोनच्या इंजेक्शनांनी हाडं ठिसूळ होतात, म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी लिहून दिलं असेल, तर ते नेमानं द्यायचं. माझं हे बोलणं ऐकून ते बंद करायचं नाही.

काकांना काय सांगू, हाच तुला मोठा प्रश्न ना? गोड बोल, “डॉक्टरांना विचारून ठरवते” म्हण आणि विषय संपव. त्यांचं प्रेम खरं आहे, पण निर्णय तुझ्या आणि बाबांच्या हातात राहू दे. बाबांना आवळा आवडतो? खुशाल दे. भाजी, वरण, फळं रुचतील तशी दे.

तू हे सगळं निभावशील, मला खात्री आहे. फक्त एवढं कर, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही नवी गोळी बाबांच्या हातावर ठेवू नकोस.