पटवून देणारे इंग्रजी

रविवारी उपासनेनंतर आमच्या केंद्रात नववी-दहावीच्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग भरतो. बहुतेक मुले जिंतूर तालुक्यातल्या आंध आदिवासी घरांतली आहेत. घरची भाषा मराठीच, त्यामुळे इंग्रजी अक्षरापेक्षा त्यांना इंग्रजीतून मागणे अवघड जाते. या तिमाहीत मी पटवून देणारे लेखन शिकवायला घेतले.

दहावीला औपचारिक पत्र, भाषण, व्ह्यू-काउंटरव्ह्यू असे प्रश्न येतात. बारावीला अपील, म्हणजे आवाहनही येते. गाइडात प्रत्येकाचा साचा वेगळा दिलेला असल्याने मुले चार वेगळ्या गोष्टी समजून चारही पाठ करतात. खरे तर ही एकाच घरची भावंडे. समोरच्याने काहीतरी करावे किंवा मानावे, म्हणून ती लिहायची. फरक पडतो तो समोर कोण आहे यामुळे. अधिकारी असेल तर पत्र, सभा असेल तर भाषण, अनोळखी चार लोक असतील तर आवाहन.

पटवण्याच्या वाटा ॲरिस्टॉटलने पूर्वीच तीन सांगून ठेवल्या आहेत: सांगणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्याचा युक्तिवाद. मुलांना मी त्या फळ्यावर अशा लिहून दिल्या: ‘मी कोण’, ‘तुम्हाला काय वाटेल’, ‘खरे काय आहे’.

सरावासाठी खरा विषय घेतला. एका मुलीच्या गावाकडे जाणारी शेवटची बस शाळा सुटण्याआधीच निघते. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण संध्याकाळी त्याचा उपयोग नाही. आगारप्रमुखांना पत्र लिहा, असे सांगितले. आलेल्या बहुतेक पत्रांची सुरुवात एकच: ‘आय एम अ पुअर ट्रायबल गर्ल’. पुढे गरिबी, आईचे कष्ट, हात जोडून विनंती. बस किती वाजता सुटते, शाळा किती वाजता सुटते, मुली किती, हे एकाही पत्रात नव्हते. शेजारच्या गावातल्या मुली त्यातच धरायच्या की नाही, यावरही मग बराच वाद झाला.

दया वाटायला लावणे हीसुद्धा पटवण्याची एक रीत आहे, वाईट नव्हे. पण वेळापत्रक बदलणाऱ्या माणसाला दयेचे काय करायचे ते कळत नाही. वेळ आणि संख्या मात्र कळते.

दुसरी रीत दिसावी म्हणून मी मुलांना महात्मा फुल्यांच्या निवेदनाची ओळख करून दिली. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे इंग्रजीत निवेदन दिले. आरंभी ते स्वतःचा अधिकार सांगतात: आपण मुलींची शाळा काढली, मिशनच्या मुलींच्या निवासी शाळेत काही वर्षे शिकवले. मग कारण येते: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे जातो. मग मागणी, तीही मोजूनमापून: निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा; शिक्षकाला 12 रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात 15 ते 20 द्या; मोडी, बाळबोध, हिशेब आणि शेतीची प्राथमिक माहिती शिकवा. ही भीक नव्हे, हिशेब आहे. पगाराचे आकडे ऐकून एक मुलगा म्हणाला, “सर, त्यांनी गृहपाठ करूनच लिहिलंय.” मला याहून चांगले स्पष्टीकरण सुचले नसते.

व्ह्यू-काउंटरव्ह्यूचा तास जास्त गरम झाला. विषय होता, ऊसतोडीला जाताना मुलांना सोबत न्यावे का. नेऊ नये, हे सगळ्यांनाच लिहिता आले. उलट बाजू लिहा म्हटल्यावर वर्ग शांत झाला. मग ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर कोयत्यावर जातात, त्यांनीच बोलायला सुरुवात केली: मुकादमाची उचल घेतलेली असते, घरी आजी थकलेली, लहान्याला कोणाकडे ठेवणार? त्यावर हंगामी वसतिगृहाचा मुद्दा आला, आणि तिथे धाकट्या बहिणीला करमेल का, हा प्रश्नही. समोरच्याचे म्हणणे नीट मांडता आले की आपला मुद्दा आपोआप धारदार होतो. परीक्षेत या प्रश्नाला गुण किती, हे त्या तासाला कोणी विचारले नाही.

आवाहन शिकवताना मी आपल्याच त्रैमासिकाचे जुने अंक वाटले. देणगीसाठीचा मजकूर कोणती वाट धरतो, ते शोधा, म्हटले. एका मुलीने बोट ठेवून विचारले, “सर, यात आमची माणसं नेहमी रडवेलीच का असतात?” संपादकांनी हा प्रश्न छापावा, अशी माझी विनंती आहे. दाते भावनेने देतात हे खरे. पण ज्यांच्याविषयी लिहितो ती मुले आता वाचू लागली आहेत. तिने वसतिगृहाच्या अभ्यासिकेसाठी लिहिलेल्या आवाहनात किती मुले अभ्यासाला बसतात, दिवे किती, टेबले किती, हे आधी आहे. तिच्या आजीने तिला पहिले अक्षर कोळशाने भिंतीवर गिरवून दाखवले, ही एकच ओळ भावनेची आहे, आणि ती शेवटी.

बसचे पत्र दोनदा नव्याने लिहिले गेले. आता विषयाच्या ओळीतच मागणी आहे, खाली मुलींची यादी आणि दोन्ही वेळा. सोबत मराठी प्रत जोडली, कारण आगाराचा कारभार मराठीतच चालतो. मुली स्वतः जाऊन पत्र देऊन आल्या. शिक्का मारलेली पोच वर्गाच्या फळ्याशेजारी टाचणीने लावली आहे. उत्तराची वाट पाहत आहोत. पंधरा दिवसांत आले नाही तर स्मरणपत्र कसे लिहायचे, हा पुढच्या रविवारचा धडा.