आधी तिथी, मग ट्रायपॉड

कोर्लईच्या दीपगृहाचे फोटो काढायला निघालेला उल्हासनगरकर आधी लोकलची वेळ बघतो, मग सूर्यास्ताची. भरती-ओहोटी शेवटी, तीही आठवली तर. कॅम्प ४ ला समुद्र नाही, त्यामुळे पाणी घड्याळाने चालत नाही हे आपल्या अंगवळणी पडलेलं नसतं. माझं म्हणणं, दिवस ठरवावा तो तिथीवरून. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराला. म्हणजे पौर्णिमेला आणि अमावास्येला ऐन सूर्यास्ताला पाणी तळाशी गेलेलं असतं आणि उधाण असल्यामुळे खडक दूरवर उघडे पडतात. नवख्याला याहून चांगला मुहूर्त दिसणार नाही, आणि याहून वाईट क्वचितच असेल.

कारण दीपगृहाचा खरा फोटो सूर्यास्तानंतर सुरू होतो. प्रत्येक दीपगृहाची झोताची लय ठरलेली असते. ती दहा सेकंदांची असेल तर शटर निदान तेवढं उघडं ठेवावं लागतं, चार-दोन प्रयत्न फुकट जातात, आणि तोवर मागे पाणी वळलेलं असतं. भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतली जवळजवळ निम्मी चढ मधल्या दोन तासांत होते. उधाणाला चार मीटरचा फरक धरला, तर अंधारात दोन तासांत दोन मीटर. परतीची वाट त्याआधीच बुडते, कारण किनाऱ्याकडचा सखल भाग आधी भरतो.

यावर कोणी म्हणेल, दीपगृह उंचावर असतं, तिथूनच काढा की. जरूर काढावा; पण अख्खा मनोरा आणि खालचा समुद्र एका चौकटीत हवा असेल, तर पाय खडकाकडेच वळतात. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: मोबाइलवर वेळा मिळत असताना पंचांग कशाला? मिनिटांचा हिशेब भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच करावा, पाऊणपटीत अर्ध्या-पाऊण तासाची चूक सहज निघते. मात्र महिनाभर आधी रजा टाकायची, तेव्हा कोणता दिवस मागायचा हे तिथीच चटकन सांगते.

मी संकष्टी सुचवेन. चतुर्थीला भरती दुपारी तीनच्या आसपास, म्हणजे सूर्यास्ताला आणि पहिल्या झोतांना पाणी उतरत असतं. चंद्रोदयही उशिरा, त्यामुळे आभाळ काळं आणि झोत उठून दिसतो. कालनिर्णयात चंद्रोदयाची वेळ छापलेलीच असते. ती होण्याआधी सामान आवरून वर यावं. शेवटची लोकल चुकेल म्हणून कोणी लवकर निघत नाही, उलट एवढ्या लांब आलोच आहोत तर अजून एक फोटो, असंच होतं.

खांदेरीचं प्रकरण वेगळं. १८६७ चं तिथलं दीपगृह बेटावर आहे, थळहून होडीने जावं लागतं. परतीची वेळ तांडेलच ठरवतो, तिथे वाद घालू नये. पावसाळ्यात तर विषयच नको. कुलाब्याच्या टोकाला प्राँग्जचं दीपगृह आहे, १८७५ चं. त्याच्या वाटेवर नौदलाची हद्द लागते, त्यामुळे ते लांबूनच टिपावं, ड्रोन घरीच ठेवून.

सराव करायचा तर कल्याणला दुर्गाडीखाली खाडीवर जावं. मुंबईपेक्षा भरती तिथे उशिरा पोचते, पण दर तासाला काठावरच्या एकाच दगडाचा फोटो घेतला, तर मधल्या दोन तासांचा वेग डोळ्यांना दिसतो.