बिलं काय सांगतात ते पाहा

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

भाषांतराच्या कामात दिशा सापडत नाही, असं तू लिहिलंस. पाककृतींचं ॲप, विम्याची माहितीपत्रकं, सबटायटल्स, औषधचाचण्यांची संमतिपत्रं, मधूनच एखादं बालपुस्तक. मिळेल ते घेतेस आणि आपल्याला नेमकं काय आवडतं याचा विचार करत बसतेस. आवड आधी ठरवून काम शोधावं, हा सल्ला मला फारसा पटत नाही. हात बसला की बरंचसं काम आवडू लागतं. त्यापेक्षा गेल्या वर्षाची बिलं समोर घे. कोणी किती टीडीएस कापला याची यादी प्राप्तिकराच्या पोर्टलवर असते, तीही काढ. कोणतं गिऱ्हाईक न बोलावता परत आलं आणि कुठल्या कामात तासामागे जास्त सुटले, एवढंच बघ.

माझा अंदाज संमतिपत्रांचा आहे, आणि त्याला कारण आहे. २०१९च्या नव्या औषध व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार सहभागी होणाऱ्या माणसाला समजेल अशा भाषेत माहिती देऊनच संमती घ्यावी लागते. मराठी मसुदा झाला की बहुधा दुसरा भाषांतरकार तो पुन्हा इंग्रजीत आणतो, दोन्ही ताडून पाहतात, मग कागद एथिक्स कमिटीपुढे जातो. पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते, ती उगाच नाही. चाचणीच्या आराखड्यात बदल झाला, नवा दुष्परिणाम कळला, की संमतिपत्राची नवी आवृत्ती निघते. बदललेला परिच्छेद आधीच्या शब्दांशी जुळायला हवा, म्हणून काम शक्यतो पहिल्याच माणसाकडे येतं. पाककृतींचं ॲप मात्र एकदा संपलं की संपलं.

तू म्हणशील, हे सगळं उद्या मशीनच करेल. पहिला मसुदा करेलही, आणि शब्दामागे मिळणारा दर टिकेल अशी आशा मी देणार नाही. पण डोस चुकला तर रुग्णाला भोगावं लागतं, तिथे भाषांतर तपासून प्रमाणपत्रावर सही करणारं माणूस लागतंच. तेव्हा तपासणीचा दर आत्तापासून तासावर लावायला शीक. काम रुक्ष आहे, हे मान्य.

दुसरी शंका जास्त रास्त आहे: पोट हातावर असताना बाकीच्यांना नाही कसं म्हणायचं? म्हणूच नकोस. ती कामं घे, पण शिकण्याचा वेळ त्यांच्यावर घालवू नकोस. तो वैद्यकीय परिभाषा आणि चाचण्यांचे नियम वाचण्यात जाऊ दे. क्षेत्र एक असलं तरी गिऱ्हाईकं तीन-चार हवीत. शिवाय पुष्कळदा चणचण भासते ती काम नसल्यामुळे नव्हे, पैसे अडकल्यामुळे. उद्यम नोंदणी करून घे. २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे करारात कितीही लांबची मुदत लिहिली तरी पैसे ४५ दिवसांत द्यावेच लागतात, उशीर झाला तर व्याज लागतं. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबखात्याला हे नीट ठाऊक असतं, फक्त बिलावर तुझा उद्यम क्रमांक दिसायला हवा.

बालपुस्तकं सोडू नकोस, तेवढी चैन तुला परवडेल. फक्त हक्क देताना करारात मुदत लिहिली आहे का ते बघ; नसेल तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो. बिलांची यादी झाली की मला पाठव, दर ठरवायला आपण फोनवर बसू.

तुझी,
मावशी