हँडलचा अडकलेला बोल्ट : घरच्या घरी विज्ञानाचा एक तास



पावसाळा संपला की शाळेच्या सायकल स्टँडवर एक चक्कर मारून बघा. मानव विकास कार्यक्रमातून मुलीला आठवीत सायकल मिळते. दहावीत जाईपर्यंत मुलगी वाढते, सायकल तेवढीच राहते. सीट वर करता येते, पण हँडल काही हलत नाही, कारण वरचा बोल्ट गंजून बसलेला असतो. मग पोर वाकून सायकल चालवते, पाठ दुखते म्हणते. आपल्याकडे रोवणीपासून धान निसवेपर्यंत सायकल पावसात आणि चिखलात असते. रात्री ती अंगणात किंवा पडवीत उभी राहते. दोन पावसाळे एवढे बोल्ट अडकायला पुरतात.

काम छोटं आहे, पण सायकलचं हँडल म्हणजे तिचं स्टिअरिंग. देवरी-कोहमाऱ्याकडच्या महामार्गावर बाजूने ट्रक जात असताना हँडल चाकाशिवाय एकटंच वळलं तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून आधी आत काय आहे ते समजून घ्या.

हँडलचा दांडा (मेकॅनिक त्याला स्टेम म्हणतात) पुढच्या चिमट्याच्या नळीत घुसवलेला असतो. वर दिसणारा बोल्ट त्या दांड्यातून आरपार खाली जातो आणि त्याच्या टोकाला शंकूच्या आकाराचा किंवा तिरपा कापलेला लोखंडी तुकडा असतो. बोल्ट आवळला की हा तुकडा वर ओढला जातो, दांडा आतून फाकवतो आणि दांडा नळीला घट्ट धरून बसतो. पाचर म्हणतो ना आपण, तेच. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतात ती पाचर मुलांनी पाहिलेली असते, तिथून सुरुवात केली तर लगेच कळतं.

इथेच बहुतेकांची गडबड होते. बोल्ट सैल झाला तरी हँडल हलत नाही, म्हणून लोक बोल्ट फिरवतच राहतात आणि तो पूर्ण बाहेर काढतात. पाचर मात्र आतच राहते. तसं करू नका. बोल्ट तीन-चार फेरेच सैल करा. तो तेवढा वर येईल. त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा सरळ ठोका द्या. बोल्ट खाली जातो, पाचर सुटते. निम्म्या सायकलींचं काम एवढ्यातच होतं.

पण बोल्टच फिरत नसेल तर? लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांपासून गंज तयार होतो हे आपण शिकवतोच. पुढचं वाक्य मात्र राहून जातं : गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीक फटीत जागा नसताना तो फुगतो आणि दोन्ही भाग एकमेकांत दाबून बसतात. तिथे जोर लावण्याआधी तेल लागतं. गंज सोडवणारा स्प्रे मिळाला तर उत्तम, नाहीतर थोडं डिझेल चालतं. पातळ द्रव केशाकर्षणाने फटीत आपोआप ओढला जातो, पण त्याला वेळ लागतो. संध्याकाळी थेंब टाका, बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्या, सकाळी पुन्हा टाका. चुलीपासून लांब, आणि रिमला किंवा ब्रेकच्या रबराला तेल लागू देऊ नका.

आता पाना. बरोबर मापाचा रिंग पाना घ्या. पक्कड किंवा ढिला स्क्रू पाना बोल्टचे कोपरे गोल करतो आणि मग काम खरंच अवघड होतं. वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. (डाव्या पेडलच्या आटे मात्र उलट्या असतात. का, हे नववीच्या मुलांना विचारून बघा, मजा येते.) आधी किंचित आवळायच्या दिशेने झटका द्या, गंजाचा थर तुटतो, मग सैल करा.

बल आघूर्णाचं गणित इथेच करून घ्या. १५ सेंमीच्या पान्यावर २०० न्यूटन जोर लावला तर ३० न्यूटन-मीटर मिळतात, ३० सेंमीवर तोच जोर ६० देतो. पण म्हणून पान्यात लांब पाइप घालून लटकू नका. ८ मिमीच्या साध्या बोल्टची मान मोडायला ६० पुष्कळ झाले. वर्गात करायचं तर भंगारातले सारखे गंजलेले नट-बोल्ट घ्या, काही पाण्यात, काही खोबरेल तेलात, काही डिझेलमध्ये रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पान्याच्या टोकाला तानकाटा अडकवून ओढा. कोणता किती किलोवर सुटला ते मुलंच लिहितील.

तापवण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. लोखंड १ अंश सेल्सिअसला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश वाढतं. म्हणजे १० मिमीचं भोक २०० अंशांनी तापवलं तर वाढ जेमतेम ०.०२४ मिमी. तेवढ्यानेही गंजाला तडे जातात हे खरं, पण डिझेल टाकलेल्या जागी ज्योत न्यायची नाही. माझ्या मते सायकलच्या हँडलला घरी आग लावूच नये.

बोल्ट सुटला तरी दांडाच नळीत गंजलेला असेल तर सायकल उलटी करून खालूनही तेल सोडा, एक रात्र ठेवा, मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे पिळा. वर ओढू नका, पिळा.

जीप, कार, ट्रॅक्टर यांच्या स्टिअरिंगचं हेच तत्त्व असलं तरी पालकांनी घरी ते करू नये. काही गाड्यांत स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, आणि टाय रॉडच्या नटमधली स्प्लिट पिन एकदा काढली की नवीनच घालावी लागते. तेल टाकून ठेवा, बाकी मिस्त्रीकडे.

हँडल परत बसवताना दांडा पुसा, ग्रीसचा पातळ हात फिरवा. दांड्यावर आडवी रेघ कोरलेली असते, ती नळीच्या आत दिसेनाशी झालीच पाहिजे. रेघ नसेल तर निदान ६-७ सेंमी दांडा आत ठेवा. बोल्ट आवळून चाक पुन्हा गुडघ्यांत धरा आणि हँडल जोराने पिळा. हललं तर अजून आवळा. मग ब्रेकची वायर किंवा सळी ताणली गेली नाही ना, ते हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, आणि पहिली चक्कर अंगणातच मारायला लावा.