राग आणि श्वास

राग कुणाला येत नाही? बांधावरून बाचाबाची होते. ती कोर्टापर्यंत जाते. मग शेत विकायची पाळी येते.

यावर भगवान बुद्धांनी साधा अभ्यास सांगितला. त्याला 'आनापान' म्हणतात. आनापान म्हणजे येणारा-जाणारा श्वास.

ताठ बसा. डोळे मिटा. श्वास आत येतो, बाहेर जातो. तो नुसता पाहा. ओढू नका, रोखू नका. मन पळेल. जनावर परक्या शेतात शिरलं, की आपण हाकून आणतो ना? तसंच मनाला परत आणा.

याला पैसा लागत नाही. धर्म बदलावा लागत नाही. इगतपुरीस १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरे होतात. तिथेही आधी हेच शिकवतात.

रोज दहा मिनिटे बसा. राग आला, तर आधी श्वास पाहा, मग बोला.

सांगा : मन पळाले, तर काय करावे?